वेल्श केकमध्ये चॉकलेट घालायचंय? आधी तव्याची आच बघा

साताऱ्याच्या एका काकूंचा प्रश्न आहे. मुलीकडे वेल्समधल्या कार्डिफला गेल्या असताना त्यांनी बाजारात तव्यावरून उतरलेले गरम वेल्श केक खाल्ले. परत आल्यावर नातवंडांसाठी त्यांनी ते चॉकलेटचे करून बघितले. मैद्यात कोको घातला, शिवाय चॉकलेटचे तुकडे मिसळले. केक बाहेरून करपले, आतून कच्चे राहिले आणि तव्यावर काळा थर बसला. आता त्या विचारतात, चुकलं कुठे, आणि चॉकलेट घालून हे नीट जमतं का?

काकू, जमतं. तुमच्या हातून झालेल्या चुका मीही एकेक करून केल्या आहेत. गेली एकोणीस वर्षं मी कार्डिफमध्ये आहे आणि त्यातली बरीचशी शनिवारच्या बाजारात तवा मांडून वेल्श केक विकण्यात गेली. चॉकलेटचा पहिला घाणा मी शेजारच्या आजींना चाखायला दिला होता. त्या रोंडा खोऱ्यातल्या, घरात दोन पिढ्या कोळशाच्या खाणीत गेलेल्या. त्यांनी एक तुकडा खाल्ला, उरलेला बशीत ठेवला आणि चहाचं विचारलं. मला काय ते कळलं.

आधी मूळ पदार्थाबद्दल थोडं, कारण चॉकलेट कुठे घालायचं आणि कुठे नाही हे त्यावरूनच ठरतं. नावात केक असला तरी हा आपल्या डोळ्यांसमोर येतो तसा फुगलेला, जाळीदार केक नाही. बिस्किटही नाही. दक्षिण वेल्समध्ये वेल्श भाषेत याला 'पिके आर अ माइन' म्हणतात. 'माइन' म्हणजे दगड, म्हणजे हे दगडावर भाजलेले छोटे केक. पूर्वी खरोखरच सपाट दगड चुलीवर ठेवत, पुढे जाड बिडाचा गोल तवा आला. पण इंग्रजीत त्या तव्याचं नाव अजून बेकस्टोनच आहे. काही भागांत त्याला प्लांक म्हणतात, काही ठिकाणी ग्राडेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ग्लामॉर्गन भागात दुपारच्या चहाला हे केक असायचेच आणि खाणकामगारांच्या डब्यातही जायचे. न चुरडता, न सांडता, कोरड्या हातात धरून खाता येईल असा तो पदार्थ. आजही स्वॉन्झीच्या बाजारात आणि कार्डिफच्या 1891 सालच्या जुन्या मंडईत ते तव्यावरून थेट कागदी पिशवीत पडतात. 1 मार्चला, म्हणजे वेल्सचे संत सेंट डेव्हिड यांच्या दिवशी, तर इथे रांगा लागतात.

तुमच्या ओळखीच्या भाषेत सांगायचं तर शंकरपाळ्याचं पीठ थोडं जास्त मोहन घालून, अंड्यात भिजवून, जाडसर लाटलं आणि तळण्याऐवजी तव्यावर मंद भाजलं, तर जे होईल त्याच्या जवळपास हा पदार्थ जातो. कडा खुसखुशीत, मध्यभाग किंचित मऊ. मध्ये मध्ये आंबटगोड करंट. हे करंट म्हणजे बेदाणे नव्हेत. ग्रीसमधल्या बारीक काळ्या द्राक्षांचे ते मनुके असतात, नावही तिथल्या कोरिंथ गावावरून पडलेलं. मिरीपेक्षा थोडे मोठे आणि चवीला चांगले आंबट.

आता तुमची पहिली चूक. वेल्श केक करणारी बाई घड्याळ बघत नाही, रंग बघते. फिकट पिठाचा केक तव्यावर तांबूस झाला की उलटायचा, बस. तुम्ही पिठात कोको घातला आणि ही खूणच पुसून टाकली. पीठ आधीच तपकिरी, मग भाजलं कधी आणि करपलं कधी हे कळणार कसं? नाकाला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. वर कोको मैद्यापेक्षा जास्त ओलावा पितो. म्हणून तेवढ्याच अंड्यात-दुधात भिजवलेलं पीठ कोरडं राहतं, लाटताना कडेला चिरतं.

दुसरी चूक आचेची. ही आपल्याकडच्या प्रत्येकीची होते, कारण आपला हात पोळीच्या तव्याला सरावलेला. पोळीला तवा सणसणीत लागतो, पोळी पातळ असते, मिनिटाभरात काम संपतं. वेल्श केक जवळजवळ एक सेंटिमीटर जाड असतो आणि त्यात मैद्याच्या निम्म्याच्या आसपास लोणी. त्याला धिरड्यापेक्षाही कमी आच हवी. पाण्याचा थेंब टाकून बघा. थेंब गोळी होऊन तव्यावर नाचायला लागला तर तवा फारच तापलाय, गॅस बारीक करून दोन-तीन मिनिटं थांबा. थेंब जागच्या जागी चुरचुरत आटला तर ठीक. इथल्या जुन्या बायका चिमूटभर मैदा टाकतात. तो अर्ध्या मिनिटात हळूहळू बदामी झाला पाहिजे, टाकताक्षणी काळा पडता कामा नये. मैदा पुसून मग केक टाकायचे.

तवा बिडाचा असेल तर उत्तम, पण सपाट हवा. आपला खोलगट पोळीचा तवा इथे कामाचा नाही, केक मधोमध घसरतात आणि कडा अधांतरी राहतात. डोशाचा बिडाचा तवा घ्या. घरात पातळ नॉनस्टिकच असेल तर त्याच्याखाली जुना लोखंडी तवा ठेवा, भाताला दम देताना ठेवतो तसा. आच पसरते. बिडाचा तवा तापायला वेळ घेतो, म्हणून केक टाकायच्या आधी किमान आठ-दहा मिनिटं बारीक गॅसवर ठेवायचा. मोठ्या आचेवर झटपट तापवून मग गॅस बारीक केला तर उपयोग होत नाही. बीड तापलं की तापलेलंच राहतं.

माझं मत स्पष्ट सांगते. चॉकलेटचा वेल्श केक करायचा तर पीठ पांढरंच ठेवावं आणि करंटच्या जागी चॉकलेट घालावं. रंगाची खूण शाबूत राहते, लोण्याची आणि जायफळाची चव मरत नाही, आणि फिकट केकमध्ये वितळलेलं काळं चॉकलेट लागतं ते कोकोच्या केकपेक्षा जास्त चॉकलेटी वाटतं. सगळंच काळं असलं की जिभेला फरक कळत नाही. कोकोचं प्रमाण पुढे देतेच, पण आधी हे.

मैदा 225 ग्रॅम, बेकिंग पावडर दीड लहान चमचा. इथल्या सेल्फ रेझिंग मैद्यात पावडर मिसळलेली असते, तुमच्याकडच्या मैद्यात आपणच घालायची. लोणी 100 ग्रॅम, फ्रिजमधलं कडक. साखर 75 ग्रॅम. जायफळ आणि दालचिनी मिळून अर्धा लहान चमचा. वेलची घालू नका, वेलची आली की तोंडात नानकटाई येते. एक अंडं. लागलंच तर एखादा चमचा दूध. काळं चॉकलेट 80 ग्रॅम. लोणी खारट असेल तर मीठ नको, नसेल तर चिमूटभर. एवढ्यात सहा सेंटिमीटरचे अठरा-वीस केक होतात.

साखरेबद्दल एक. आपल्याकडच्या साखरेचे दाणे मोठे असतात, ते पिठात विरघळत नाहीत आणि तव्याला लागले की तिथे काळा ठिपका पडतो. मिक्सरमध्ये दोनदा फक्त फिरवून घ्या, बारीक रव्याइतकी झाली की थांबा. पिठीसाखर करू नका, तिने केक घट्ट आणि गुळगुळीत होतात, खुसखुशीतपणा जातो.

लोण्याचे तुकडे मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळायचे, तळव्यांनी नाही. तळवा गरम असतो. मोहन बरोबर पडलंय का ते बघायला आपला मुटका इथेही चालतो: मुठीत दाबलं की वळला पाहिजे आणि बोटाने टिचकी मारली की फुटला पाहिजे. पारंपरिक कृतीत निम्मं लोणी आणि निम्मी डुकराची चरबी असे. तिच्यात पाणी नसतं, म्हणून केक जास्त खुसखुशीत होत. हे तुमच्या स्वयंपाकघरात कोणी करणार नाही, पण तुपातही पाणी नसतं. 30 ग्रॅम लोण्याच्या जागी 25 ग्रॅम थिजलेलं तूप घालून बघा. मी इथे शाकाहारी गिऱ्हाईकांसाठी तसंच करते आणि आजवर कोणी तक्रार केलेली नाही. उलट एकीने विचारलं, हा वास कसला छान येतोय.

मग साखर, मसाला, फेटलेलं अंडं घालून पीठ गोळा करा. गोळा करा म्हणतेय, मळा नाही. पोळीच्या कणकेसारखं मळलंत तर केक चिवट होतील. गोळा झाला की थांबा, चपटा करून झाका आणि अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. साताऱ्याच्या एप्रिलमध्ये पाऊण तास ठेवा.

आता चॉकलेट. दुकानात स्वस्त मिळणारं कंपाउंड चॉकलेट कोकोच्या लोण्याऐवजी वनस्पती तेलाचं असतं. चालतं, पण गार झाल्यावर टाळूला मेणासारखं लागतं. 55 ते 60 टक्क्यांचं काळं चॉकलेट आणा. दुधाचं चॉकलेट नातवंडांना आवडत असेल, पण त्यात दुधाची भुकटी आणि साखर जास्त असते, तव्यावर ते फार लवकर करपतं. पांढऱ्याचं तर विचारूच नका. तयार चिप्स मिळतात त्या भाजताना आकार टिकावा म्हणूनच केलेल्या असतात. त्यामुळे सोप्या पडतात, पण खाताना विरघळत नाहीत. मी वडी घेऊन सुरीने हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे करते आणि खाली उरलेला चुरा चाळून बाजूला काढते. तो चुरा पिठात गेला की पीठ चट्ट्यापट्ट्याचं होतं आणि जागोजागी तव्याला धरतं. चुरा दुधात घाला, मुलं पितील.

तव्यावरचा काळा थर याच तुकड्यांनी घातला. करंट तव्याला टेकला तर फार तर फुगून थोडा कडू होतो. चॉकलेट 34 अंशांच्या आसपासच वितळतं, म्हणजे तोंडात वितळतं तेवढ्या उष्णतेला. तव्यावर ते क्षणात पसरतं, त्यातली साखर जळते, आणि पुढचा प्रत्येक केक त्या जळक्यावर बसतो. काकू, हे तुम्हाला नवीन नाही. संक्रांतीला गुळपोळी फुटून गूळ तव्यावर आला की काय होतं ते आठवा. उपायही तिथलाच आहे. गुळपोळीत आपण गूळ पिठात कालवत नाही, दोन पाऱ्यांच्या मध्ये ठेवतो.

तेच करा. पिठाचे दोन भाग करा. एक भाग मैदा भुरभुरवलेल्या कागदावर साधारण चार मिलिमीटर जाड लाटा. त्यावर बोटाने दुधाचा अगदी पुसट हात फिरवा, चॉकलेटचे तुकडे पसरा. दुसरा भाग तेवढाच लाटून वर ठेवा आणि लाटणं हलक्या हाताने एकदा उभं, एकदा आडवं फिरवा, दोन्ही थर चिकटण्यापुरतं. मग गोल कापा. कापताना कटर सरळ खाली दाबायचा, पिळायचा नाही. पिळला की कडा चिकटतात आणि केक एका बाजूला कलता फुगतो. कटर नसेल तर पातळ कडेचं डब्याचं झाकण घ्या, वाटीची कड जाड असते. कडेच्या कापात चॉकलेट दिसलं तर दिसू दे, कड तव्याला टेकत नाही. उरलेल्या कातरणाचा पुन्हा गोळा केला की त्यात चॉकलेट सगळीकडे कालवलं जातं. ते केक शेवटच्या घाण्याला भाजायचे, मग तवा खराब झाला तरी चालतो. आमच्या घरी ते कधी बशीपर्यंत पोचतच नाहीत.

ही दोन थरांची खटपट मी पहिल्यांदा बाजारात केली तेव्हा बाजूच्या गाळ्यावरचे गृहस्थ हसले होते. पुढच्या महिन्यात त्यांनी कागदावर लाटायला सुरुवात केली.

कापलेले केक दहा मिनिटं परत फ्रिजमध्ये. तव्यावर लोण्याचा कागद एकदाच फिरवायचा, चकाकी येण्यापुरता. तूप सोडलंत तर केक भाजत नाही, तळतो. पहिल्या घाण्यानंतर काहीच लावावं लागत नाही, केकमधलं लोणीच पुरतं. पहिला एकच केक टाकून बघा. पहिलं घावन बिघडतं तसं पहिल्या केकचं आहे. एका बाजूला तीन मिनिटं, मग दुसऱ्या बाजूला तेवढीच. खालची बाजू अडीच मिनिटांच्या आत काळपट तांबूस झाली तर आच जास्त आहे. चार मिनिटांनंतरही फिकट असेल तर केक वाळतोय, आच थोडी वाढवा. एकदाच उलटायचा. उलथण्याने दाबायचा नाही, ही पोळी नव्हे, दाबला की चॉकलेट बाहेर आलंच. झाला की नाही हे कडेकडे बघून ठरवा: ओलसर, चकचकीत असलेली कड कोरडी, मंद दिसायला लागली आणि बोटाने टेकवल्यावर हलकी वर आली, की उतरवा. दोन घाण्यांच्या मध्ये कोरड्या फडक्याने तवा पुसा. हे मी प्रत्येकीला सांगते आणि प्रत्येकजण विसरते.

उतरवल्याबरोबर दोन्ही बाजूंनी बारीक साखर लावायची. गार झाल्यावर साखर चिकटत नाही. आणि पाच मिनिटं कोणाच्या हातात देऊ नका. केक कोमट वाटतो, पण आतलं चॉकलेट चांगलं भाजतं, मुलांच्या जिभेला फोड येतो.

एक गोष्ट मला उशिरा उमगली. करंट काढून नुसतं चॉकलेट घातलं की केक गोडमिट्ट होतो. करंटचा आंबटपणा हाच या पदार्थाचा कणा होता. म्हणून मी चॉकलेटबरोबर 25 ग्रॅम करंट ठेवतेच. तुमच्याकडे काळे मनुके घ्या आणि एकेकाचे तीन-चार तुकडे करा. सांगली-तासगावचे पिवळे बेदाणे गोड जास्त, आंबट कमी, पण तेच असतील तर संत्र्याच्या सालीचा किस घाला, अर्धा चमचा. फक्त वरची केशरी साल किसायची, पांढरी कडू असते. शेजारच्या आजींना मी हे केक दिले तेव्हा त्यांनी पूर्ण खाल्ला. वेल्श केक म्हणायला अजून तयार नाहीत, पण दुसरा मागून घेतला.

नातवंडांना काळेच हवे असतील, तर मैदा 205 ग्रॅम आणि कोको 20 ग्रॅम करा, साखर 85 ग्रॅम, आणि दूध एक मोठा चमचा वाढवा. त्याहून जास्त कोको घातला तर केक कोरडा आणि कडवट होतो. कोको मैद्याबरोबर दोनदा चाळा, त्याच्या गुठळ्या हाताने फुटत नाहीत. साधा कोको की डच पद्धतीचा (म्हणजे आंबटपणा काढलेला), याने इथे फार फरक पडत नाही, कारण फुगवायला बेकिंग पावडर आहे आणि तिला कोकोच्या आंबटपणाची गरज नसते. डचचा रंग गडद येतो, एवढंच. दालचिनी ठेवा, जायफळ अगदी कमी करा. आणि मुख्य म्हणजे डोळ्यांवर विसंबू नका. आच आधीपेक्षा एक पायरी खाली, घड्याळ लावून दर बाजूला साडेतीन ते चार मिनिटं, आणि कडेची खूण. पहिला केक मोडून बघायचाच. मध्ये ओलं पीठ दिसलं तर वेळ वाढवा, आच नाही. कोकोच्या पिठात चॉकलेटचे तुकडे घालायची काही गरज नाही, त्यात अक्रोडाचा बारीक चुरा जास्त शोभतो.

इथे काही जण साधा केक आडवा चिरून मध्ये जॅम लावतात. जॅमऐवजी चॉकलेटचं स्प्रेड लावलं तर घाईच्या दिवशी तेही पुरे. अर्धा केक वितळवलेल्या चॉकलेटमध्ये बुडवलेलेही दिसतात. दिसायला छान असतात, पण तुमच्या हवेत ते हाताला लागतात. मी करत नाही.

अंड्याशिवाय करायचे तर अंड्याच्या जागी दोन मोठे चमचे दूध आणि एक मोठा चमचा घट्ट दही. दही पाणचट असेल तर आधी फडक्यात टांगा. केक थोडे कमी फुगतात आणि रंगही थोडा फिका येतो, म्हणून रंग यायची वाट बघत जास्त भाजू नका. फ्रिजमध्ये मात्र पीठ पूर्ण अर्धा तास ठेवा, अंडं नसल्यामुळे ते लाटताना लवकर फाटतं.

डब्यात घालून हे केक तीन दिवस चांगले राहतात. चौथ्या दिवशी साखर विरघळून चिकट होतात, म्हणून उरतील असं वाटत असेल तर साखर लावूच नका. परत गरम करताना कोरड्या तव्यावर मंद आचेवर दर बाजूला अर्धा मिनिट. मायक्रोवेव्हमध्ये ते आधी रबरासारखे आणि मग दगडासारखे होतात. कापलेले कच्चे केक मध्ये कागद घालून फ्रीझरमध्ये महिनाभर टिकतात. भाजायच्या आधी वीस मिनिटं बाहेर काढा. गोठलेले टाकलेत तर परत तेच, बाहेरून करपलेले आणि आतून कच्चे.